आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

मराठीत एक म्हण आहे : 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी'. आग लागली एका गावाला आणि बंब धावला दुसऱ्याच गावाला! म्हणजे दुखणे एकीकडे आणि उपाय भलतीकडे. बंब म्हणजे आग विझवणारी गाडी. जुन्या घरांत अंघोळीचे पाणी तापवण्याच्या तांब्याच्या भांड्यालाही बंबच म्हणत. हे लक्षात ठेवा, नाहीतर एखाद्या जुन्या गोष्टीत 'आजीने पहाटे बंब पेटवला' असे वाचून तुम्ही उगाच घाबराल.

आपण उर्दूत 'आग बुझाना' म्हणतो, मराठीत 'आग विझवणे' म्हणतात. अग्नी म्हणजे आग आणि शमन म्हणजे शांत करणे. म्हणून ज्याला आपण फायर ब्रिगेड म्हणतो, त्याचे मराठी नाव 'अग्निशमन दल' असे आहे.

आपल्या डोंबिवलीत ही म्हण अगदी शब्दशः खरी होऊ शकते. कशी ते पाहा. रेल्वेने आपल्या शहराचे दोन भाग केले आहेत, पूर्व आणि पश्चिम. एकाच नावाच्या इमारती दोन्हीकडे सापडतात. घाबरलेल्या माणसाने फोनवर नुसते इमारतीचे नाव सांगितले आणि फोन ठेवून दिला, तर बंबाने जायचे कुठे? चुकीच्या बाजूला गेलेल्या मोठ्या गाडीला परत यायचे तर रेल्वेवरचा पूल गाठावा लागतो. २०१९ मध्ये कोपर पूल धोकादायक म्हणून बंद झाला आणि २०२१ मध्ये नवा होऊन सुरू झाला. त्या दोन वर्षांत एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाणे किती कठीण होते, हे तुमच्या वडिलांना विचारा.

म्हणून १०१ किंवा ११२ हा क्रमांक लावला की पहिला शब्द 'डोंबिवली पूर्व' किंवा 'डोंबिवली पश्चिम' असा असावा. मग रस्ता, इमारत, जवळची खूण. काय जळते आहे आणि आत कोणी अडकले आहे का, तेही सांगा. समोरचा माणूस 'ठीक आहे' म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

'बंब नेहमी उशिराच येतो' हे वाक्य मी लोकलमध्ये, केशकर्तनालयात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे ऐकले आहे. त्यात थोडे सत्य आहे, मी नाही म्हणत नाही. रस्ते अरुंद आहेत आणि गाड्या कमी पडतात. पण काही वर्षांपूर्वी आम्ही राहत होतो त्या इमारतीत जिन्याखालच्या विजेच्या मीटरांना आग लागली. धूर पाहून सगळे खाली जमले. चार-पाच जण मोबाईलवर चित्रण करू लागले. एकाने आपल्या मेहुण्याला फोन केला. थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ चिडून म्हणाले, "अजून बंब कसा आला नाही?" तेव्हा मी विचारले, "चाचा, फोन कोणी केला?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. प्रत्येकाला वाटले होते की दुसऱ्याने केला असेल. मीही त्यांच्यातलाच एक होतो, हे कबूल करतो. बंब आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारसायकली हलवाव्या लागल्या. त्यांतली एक माझी होती.

आता स्वयंपाकघरात येऊ. रमजानचे दिवस होते. इफ्तारला थोडाच वेळ उरला होता. अम्मीने भजी तळायला कढई ठेवली आणि दारात कोणी आले म्हणून ती बाहेर गेली. तेल तापत राहिले आणि पेटले. धावत आलेल्या शेजारच्या खालाने पाण्याची बादली उचलली. आग दिसली की पाणी टाकायचे, हे आपल्या हाडीमासी भिनलेले आहे. पण जळत्या तेलात पाणी टाकणे म्हणजे आगीला पंख देणे होय. पाणी तेलापेक्षा जड असते, ते तळाशी जाते आणि तिथल्या उष्णतेने क्षणात त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा लागते. ती उसळून वर येते आणि जळते तेल छपरापर्यंत उडवते. माझी धाकटी बहीण तेव्हा नववीत होती. तिने खालाचा हात धरला, गॅसचे बटण बंद केले आणि पुलावाच्या पातेल्याचे मोठे झाकण कढईवर सरकवले. हवा मिळेना, तशी आग विझली. कढई मात्र तिने बराच वेळ उघडू दिली नाही आणि हलवूही दिली नाही. तेल गरमच असते. झाकण काढताच ते पुन्हा पेटू शकते.

त्या गडबडीत अम्मीचा हात भाजला. खाला म्हणाल्या, "टूथपेस्ट लावा." इथेही उपाय भलतीकडेच! भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये. हात जास्त भाजला असेल तर दवाखाना गाठावा.

गॅसची गळती झाली की लोक काय करतात? वास जावा म्हणून पंखा लावतात. यापेक्षा मोठी चूक नाही. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. विजेचे बटण सुरू केले काय किंवा बंद केले काय, ठिणगी उडतेच, आणि ती एक ठिणगी पुरते. बटणांना हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवा. सिलिंडर घरात येतो तेव्हा त्याच्या वरच्या कड्याला जोडलेल्या पट्ट्यांची आतली बाजू पाहा. तिथे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि सालाचे आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि असेच पुढे. ती मुदत उलटून गेली असेल तर तो सिलिंडर घेऊ नये, परत पाठवावा. रबरी नळीही पाच वर्षांनी बदलावी लागते.

आमच्या मीटरांच्या आगीच्या वेळी तिसऱ्या मजल्यावरचे एक कुटुंब घाबरून जिन्याकडे धावले. जिना धुराने भरलेला होता. धूर नेहमी वर चढतो आणि जिना म्हणजे त्याची चिमणीच. सुदैवाने ते लवकर परतले. आग खाली असेल आणि जिन्यात धूर असेल तर घरातच थांबावे, दार लावून फटीत ओले कापड कोंबावे आणि खिडकीत उभे राहून हाका माराव्यात. पण आपल्या खिडक्यांना तर चोराच्या भीतीने लोखंडी जाळ्या आहेत! चोराला आत येऊ न देणारी जाळी आपल्यालाही बाहेर जाऊ देत नाही. तिचा एक भाग उघडता यावा, असे तुमच्या वडिलांना सांगून पाहा. ते खर्चाचे कारण सांगतील. तरीही सांगा.

खिडकीवरून आठवले. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या एम.आय.डी.सी.तील प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात भीषण स्फोट झाला. बारा जण मरण पावले आणि शंभराहून अधिक जखमी झाले. २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक भागातील अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला आणि दहापेक्षा जास्त कामगारांचे प्राण गेले. दोन्ही वेळा लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मोठा आवाज झाला की आपण 'काय झाले?' म्हणून खिडकीपाशी धावतो. खरे तर तेव्हाच खिडकीपासून दूर पळायला हवे, कारण एका स्फोटामागून दुसरा होऊ शकतो.

२०२४ च्या त्या बातमीतही शिकण्यासारखे आहे. पहिल्या दिवशी जिकडेतिकडे 'बॉयलरचा स्फोट' असेच सांगितले गेले. पुढे समोर आले की स्फोट बॉयलरचा नव्हता, रसायनांवर प्रक्रिया करणाऱ्या रिॲक्टरचा होता. बॉयलर आणि रिॲक्टर यांचे धोके वेगळे, तपासणीही वेगळी. पहिल्या दिवसाच्या बातमीवरच थांबलेली माणसे अजूनही बॉयलरलाच दोष देतात. म्हणून वर्तमानपत्र तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही वाचावे. तोवर ती बातमी आतल्या पानावर छोटी झालेली असते, पण खरे कारण बहुतेक तिथेच सापडते.

अशीच एक बातमी आपल्या शेजारच्या कल्याणची आहे. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेत विहीर साफ करायला एक कामगार उतरला, तो वर आला नाही. त्याला पाहायला आणखी दोघे उतरले, तेही आले नाहीत. मग त्यांना वाचवायला अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. विहिरीत विषारी वायू होता. पाचही जण गेले. वाचवायला जाणाऱ्याचे मन मोठे असते, पण वायूला मन कळत नाही. बंद विहिरीत किंवा टाकीत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उतरू नका. आरडाओरडा करा आणि १०१ ला कळवा. त्या दोन जवानांविषयी वाचल्यापासून 'बंब उशिरा येतो' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझेना, आणि दुपारी चारनंतर जहाज स्फोटात उडाले. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या आगीशी झुंजताना मृत्युमुखी पडले. आपल्याला त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, म्हणून मी हा विषय दुसऱ्या दिवशी वर्गात घेतो.

गेल्या वर्षी मी मुलांना सांगितले, "१०१ ला सांगाल तसा आपल्या घराचा पत्ता मराठीत लिहून आणा." एका मुलाने वाचले, "डोंबिवली पूर्व, मशिदीच्या मागची तीन मजली इमारत." मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "सर, मागे म्हणजे कुठून? समोरच्या गल्लीतून तर रिक्षासुद्धा जात नाही." पहिला मुलगा गप्प बसला. संध्याकाळी तो आपल्या अब्बांना घेऊन घराच्या चारही बाजूंनी फिरला, पावलांनी गल्ल्यांची रुंदी मोजली आणि दुसऱ्या दिवशी वहीत नवा पत्ता लिहून आला : "डोंबिवली पूर्व. मशिदीच्या मागे. समोरून येऊ नका, पिठाच्या गिरणीकडून या. मी कोपऱ्यावर उभा आहे."