मूल होत नाही, दोष कुणाचा?



शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नाची कथा आहे. मूल नाही म्हणून ती देवापुढे रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज येत नाही. याजक एलीला वाटते, ही दारू प्यायली आहे!

मीही एकदा एली झालो. लग्नाला तीन वर्षे झालेले एक जोडपे भेटायला आले. मी म्हणालो, "टेन्शन घेऊ नका, श्रद्धा ठेवा." माझ्या शब्दावर ती दोघे आणखी दोन वर्षे थांबली. मग तपासणीत कळले, पत्नीच्या बीजनलिका बंद होत्या. प्रार्थना करा म्हणालो, यात चूक नव्हती. डॉक्टरकडे पाठवले नाही, ही चूक होती. म्हणून आज काही गैरसमजांविषयी.

१. "दोष बाईचाच." मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडेही कारण असते, कधी एकट्या त्याच्याकडे, कधी दोघांकडे. धडधाकट पुरुषाचेही शुक्राणू कमी असू शकतात. वीर्याची तपासणी सोपी असते. तरीही सून वर्षानुवर्षे औषधे घेते आणि मुलगा एकदाही तपासून घेत नाही. हा अन्याय आहे. पहिल्या भेटीलाच दोघांनी जावे.

२. "चौदावा दिवसच महत्त्वाचा." स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या दोन आठवडे आधी सुटते. पाळी ३५ दिवसांनी येत असेल, तर तो दिवस एकविसाव्याच्या आसपास येतो. बीज जेमतेम एक दिवस टिकते, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस अनुकूल असतात. त्या काळात अंगावरचा स्राव पातळ, निसरडा होतो. बिलिंग्ज पद्धतीत हेच निरीक्षण शिकवतात.

३. "पहिले झाले, म्हणजे दुसरे होणारच." तसे नाही. वाढते वय, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया यांमुळे नंतरही अडचण येऊ शकते.

४. "पापाची शिक्षा आहे." संत लूक सांगतो, जखऱ्या व एलिझाबेथ देवाच्या दृष्टीने नीतिमान होते, तरी त्यांना मूल नव्हते. मग आपण कोण ठरवणार?

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर डॉक्टरांना भेटा. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांनीच. पाळी अनियमित असेल, तर त्याआधीही. वंध्यत्व दूर करण्यासाठी होणाऱ्या संशोधनाला ख्रिस्तसभेचा पाठिंबा आहे. मात्र टेस्ट-ट्यूब बेबीसारखे उपचार ती मान्य करत नाही. निर्णयापूर्वी मला भेटा, मोकळेपणाने बोलू. आणि मूल झाले नाही, तरी तुमचा विवाह संस्कार अपुरा ठरत नाही.

इतरांना एक विनंती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार, जगात सुमारे सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी हा प्रश्न भेडसावतो. म्हणजे आपल्या प्रत्येक बाकावर कुणीतरी असेल. बाप्तिस्म्याच्या जेवणात "तुमची गोड बातमी कधी?" असे विचारू नका. त्या एका प्रश्नापायी काही जणी समारंभाला यायचेच सोडतात.

एलीने अखेर हन्नाचे ऐकून घेतले आणि तिला शांतीने पाठवले. आपणही आधी ऐकून घेऊ या.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू