गावचा टॉवर आणि सूर्याची वीज : एक व्यावहारिक अभ्यास

उज्जयिनीत सूर्याचे माप घेण्याची परंपरा जुनी आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात येथे उभारलेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ साली करविला. त्याच सूर्याकडे आज माधवनगरच्या पेढीवरून हिशेबाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रसंग आला आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून खेड्यातील ग्राहकाचे देणे मोबाइलवरून चुकते होऊ लागले. गावचा टॉवर बंद पडला की भाव कळत नाही, मालाची वर्दी येत नाही आणि वसुलीही अडते. म्हणून त्या टॉवरची वीज कोठून येते, हा विषय व्यापाऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

१. गरज किती?

साधारण ग्रामीण टॉवरची मागणी एक ते तीन किलोवॅट असते. हिशेबासाठी आपण दोन धरू. अशा टॉवरला अहोरात्र ४८ युनिटे लागतात. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लायसांग गावी वीज पोहोचून देशातील सर्व गावांच्या विद्युतीकरणाची घोषणा झाली. तथापि तार पोहोचणे आणि वीज अखंड मिळणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. समजा, रोज आठ तास पुरवठा नाही. तर १६ युनिटे डिझेल जनित्रातून काढावी लागतील. लिटरमागे तीन युनिटे मिळतात असे मानल्यास वर्षाला सुमारे १९५० लिटर तेल जळेल व पाच टनांच्या आसपास कार्बन वायू हवेत जाईल. जनित्र कमी भारावर चालले तर तेल याहून अधिक लागते. शिवाय वाहतूक, देखभाल आणि चोरी यांचा खर्च निराळाच.

२. सूर्याचा हिशेब

एक किलोवॅट सोलर पॅनेल आपल्या भागात दिवसाला सरासरी चार युनिटे देतात. म्हणजे ४८ युनिटांसाठी १२ किलोवॅट, आणि बॅटरीतील घट धरून सुमारे १५ किलोवॅट पॅनेल हवेत. रात्रीच्या व मंद उन्हाच्या सोळा तासांसाठी ३२ युनिटे साठवावी लागतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते, म्हणून तिची क्षमता ६४ युनिटे असावी. लिथियमची ४० युनिटांची पुरते. पावसाळ्यातील सलग ढगाळ दिवसांसाठी तारेची वीज किंवा जनित्र जोडीला ठेवणेच शहाणपणाचे होय. सौर वीज मूळची एकदिश असते आणि टॉवरची यंत्रेही ४८ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतात, ही सोय येथे विशेष उपयोगी पडते.

३. टॉवर हा मोठा गिऱ्हाईक

दूरसंचार विभागाने २०१२ साली असे निर्देश दिले की, २०१५ पर्यंत निदान ५० टक्के ग्रामीण टॉवर मिश्र विजेवर चालावेत. त्याच सुमारास एक व्यापारी युक्ती पुढे आली. केवळ टॉवरपुरते केंद्र न उभारता गावासाठी मिनी ग्रिड उभारावे. टॉवरने रोजची ठरलेली वीज घ्यावी आणि उरलेली वीज दुकाने, पिठाची गिरणी व घरे यांना द्यावी. २०११ मध्ये स्थापन झालेल्या ओएमसी पॉवर कंपनीने उत्तर प्रदेशात हा मार्ग चोखाळला. रॉकफेलर फाउंडेशनने २०१५ साली अशा कामासाठी ७.५ कोटी डॉलरची योजना जाहीर केली. कायम गिऱ्हाईक असले की दुकानाचे भाडे सुटते, हे आम्हा व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

टॉवरवाचूनही हे साधते का? पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील दरेवाडी येथे ग्राम ऊर्जा संस्थेने २०१२ साली ९.४ किलोवॅटचे केंद्र उभारून ३९ घरांना वीज दिली. तेथील भांडवल देणगीरूपाने आले. चालू खर्च मात्र मीटरप्रमाणे गावकऱ्यांनी द्यावा अशी योजना होती. यावरून दिसते की लहान गाव देखभाल पेलू शकते, पण मूळ भांडवलासाठी मोठा आधार लागतो. टॉवरचे महत्त्व येथेच आहे.

४. जोखीम कोणती?

२००३ च्या विद्युत कायद्यान्वये अधिसूचित ग्रामीण क्षेत्रात वीज निर्माण करून वाटण्यास परवाना लागत नाही. अडचण निराळी आहे. मिनी ग्रिडचा दर सरकारी विजेहून बहुधा चढा असतो. तारेची वीज सुधारली की गिऱ्हाईक तिकडे वळते. उत्तर प्रदेशाच्या २०१६ च्या धोरणात म्हणून दोन वाटा ठेवल्या गेल्या : मालकाने वीज वितरण कंपनीस विकावी, किंवा ठरलेल्या किमतीत केंद्रच तिच्या स्वाधीन करावे. दुसरी जोखीम टॉवरची. तो हलला किंवा कराराची मुदत संपली, तर सारा भार गावावर पडतो आणि गरिबाच्या दिव्याचा दर वाढतो.

५. सभासदांनी काय पाहावे?

अशा कामात भांडवल घालण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. टॉवरचा करार किती वर्षांचा आहे? बॅटरी बदलण्याचा निधी दरमहा बाजूस काढला जातो काय? तार आल्यास केंद्राचे काय होईल, हे लेखी ठरले आहे काय? आणि टॉवर व घर यांचे दर ठरविताना गावाचा माणूस बैठकीत होता काय? यांपैकी शेवटचा प्रश्न आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. कारण खेड्यातील वीज टिकली तर तेथील ग्राहकाची ऐपत टिकेल, आणि त्याच ऐपतीवर आपल्या पेढ्या उभ्या आहेत.