कोतवालाच्या मागे धावू नका

प्रश्न : शेतातला कोतवाल पक्षी शिकारी शिक्र्याला हुसकावतो, पण माझ्या फोटोत काळा धब्बाच येतो. काय चुकतं?
– एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : तुम्ही कोतवालावर नेम धरत असाल. तो हवेत क्षणात कोलांटी घेतो, फोकस हुकणारच. त्याऐवजी शिक्र्याला धरा. तो मोठा आणि त्यामानाने सरळ उडतो. कोतवाल वरून-मागून त्याच्या पाठीवर झेपावतो, म्हणजे चौकटीत आपोआप येतो. झूम थोडा कमी ठेवा, नाहीतर दुभंगलेली शेपटी कापली जाते.

शटर १/२५०० किंवा त्याहून जलद, फोकस सतत चालणारा, आयएसओ ऑटो. विदर्भातल्या उन्हाळी पांढऱ्याफटक आभाळात कॅमेरा फसतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. चोचीच्या मुळाशी असलेला पांढरा ठिपका दिसला की प्रकाश जमला समजा. सकाळी ऊन पाठीशी घ्या.

यासाठी ताडोबाच्या जिप्सीचा खर्च कशाला? शेतातला पक्षीथांबा (पक्ष्यांना बसायला रोवलेली काठी) पुरे. कोतवाल पुन्हा तिथंच येऊन बसतो.

उन्हाळा-पावसाळा हा त्याचा विणीचा काळ. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला चिथावू नका. तो तुमच्याच डोक्यावर झेपावू लागला, तर घरटं जवळ आहे. कॅमेरा खाली घ्या आणि मागे फिरा.