बाजूला बसलेल्याला न दिसणारा खेळ : प्रायव्हसी फिल्मविषयी थोडेसे

मोबाईलच्या काचेवर लावायची काळपट फिल्म आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. समोरून पाहिले की सारे स्वच्छ दिसते, बाजूने पाहिले की नुसता काळोख. बँकेचा व्यवहार करताना शेजारच्याने डोकावू नये म्हणून पुष्कळ जण ती लावतात. ही फिल्म हातात धरून खेळायच्या गेमच्या यंत्रांसाठीही मिळते. परदेशी असलेल्या मामाने किंवा आत्याने सुट्टीत येताना निन्टेन्डो स्विच आणले किंवा मोठ्या मुलाने पहिल्या पगारातून एखादे यंत्र घेतले, की मग पाठोपाठ मागणी येते, "मम्मी, मला प्रायव्हसीवाली फिल्म हवी." घरात लगेच शंका उपस्थित होते. हा लपवतोय तरी काय? मुलगा म्हणतो, ट्रेनमध्ये बाजूचे काका सारखे बघत बसतात. दोघांचेही म्हणणे ऐकण्यासारखे आहे. पण त्याआधी ही वस्तू नेमके काय करते ते समजून घेऊ.

आपल्याकडील जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा असत. पट्ट्या एका विशिष्ट कलात ठेवल्या की आतल्या माणसाला रस्ता दिसे, रस्त्यावरच्याला मात्र आतले काही दिसत नसे. प्रायव्हसी फिल्म म्हणजे तशीच झडप, फक्त इतकी बारीक की डोळ्यांना तिच्या पट्ट्या दिसत नाहीत. पारदर्शक प्लास्टिकच्या आत काळ्या रंगाच्या अतिसूक्ष्म उभ्या भिंती शेजारी शेजारी उभ्या असतात. पडद्यातून सरळ पुढे येणारा प्रकाश दोन भिंतींच्या मधून निसटतो, तिरका जाणारा प्रकाश भिंतीवर आपटून तिथेच शोषला जातो. थ्रीएम ही अमेरिकन कंपनी अशा फिल्म बनवणाऱ्यांतील मोठे नाव आहे. तिच्या नेहमीच्या फिल्ममधून सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ३० अंशांपर्यंत दिसते, त्यापुढे काळोख.

३० अंश म्हणजे किती, हे सेंटिमीटरमध्ये मांडले तर लवकर ध्यानात येईल. मूल यंत्र डोळ्यांपासून ३५ सेंटिमीटरवर धरते असे समजा. तेवढ्याच अंतरावर डोके २० सेंटिमीटर बाजूला नेले की ३० अंश झाले. ट्रेनच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाचे डोळे बाजूला सुमारे ५० सेंटिमीटरवर असतात. हा कोन ५५ अंशांच्या आसपास जातो. त्याला काहीही दिसणार नाही. पण पाठीमागे उभा राहून खांद्यावरून पाहणारा माणूस घ्या. तो पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर आणि बाजूला जेमतेम २० सेंटिमीटर असेल, तर कोन फक्त १८ अंशांचा होतो. म्हणजे त्याला बऱ्यापैकी दिसते. शिवाय उभ्या भिंतींची फिल्म केवळ डावी-उजवी बाजू झाकते, वरून वाकून पाहणाऱ्यासाठी ती साध्या काचेसारखीच. चारही बाजू झाकणाऱ्या फिल्म मिळतात, पण त्या पडदा आणखी अंधुक करतात. गर्दीच्या डब्यात बसलेल्या मुलाच्या मागे माणसे उभी असतील, तर फिल्मने मिळणारी गुप्तता अर्धीमुर्धीच आहे हे त्याला आधीच सांगून ठेवावे.

आता एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाहीत. मोबाईल आपण उभा धरतो, गेमचे यंत्र आडवे. मोबाईलसाठी बनवलेल्या फिल्मच्या सूक्ष्म भिंती बहुधा त्याच्या लांब बाजूला समांतर असतात. तीच फिल्म कापून गेमच्या आडव्या पडद्यावर चिकटवली, तर भिंतीही आडव्या होतात. परिणाम उलटा! शेजारच्याला सगळा खेळ दिसतो आणि खेळणाऱ्याने यंत्र थोडे मांडीकडे झुकवले की त्यालाच काळोख. पैसे वाया. म्हणून त्या यंत्रासाठी, आडव्या वापरासाठीच बनवलेली फिल्म मागावी. शंका वाटल्यास फिल्म उजळ पडद्यासमोर यंत्रावर बसेल तशी आडवी धरावी आणि डावीकडे-उजवीकडे होऊन पाहावे. अंधारले तर बरोबर. दोन मिनिटांचे काम आहे, लाजू नये.

दुसरी किंमत उजेडाची. काळ्या भिंती तिरका प्रकाश गिळतात तसा थोडा सरळ प्रकाशही गिळतात. साधारण एक तृतीयांश उजेड कमी होतो असे धरून चालावे. स्टीम डेक हे वॉल्व्ह कंपनीचे यंत्र २०२२ साली आले. त्याच्या पहिल्या, एलसीडी पडद्याची तेजस्विता सुमारे ४०० निट्स आहे. (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचे माप.) फिल्म लावल्यावर ती २७० च्या आसपास उरेल. घरात रात्री हे पुरते. दुपारी ओटीवर किंवा खिडकीच्या बाकावर मात्र चित्र फिकट पडते. मग मूल उजेड पूर्ण वाढवते आणि बॅटरी लवकर संपते. २०१७ सालचे पहिले स्विच एका चार्जिंगवर खेळानुसार अडीच ते साडेसहा तास चालेल असे कंपनीने सांगितले होते. २०२५ सालच्या स्विच २ साठी हा आकडा दोन ते साडेसहा तासांचा आहे. मुळातच तुटपुंज्या असलेल्या या वेळेतून आणखी काही मिनिटे फिल्म खाते. उजेड वाढवला नाही तर मूल यंत्र डोळ्यांजवळ आणते, आणि ते आणखी वाईट.

जवळ आणल्याने आणखी एक घोटाळा होतो. स्विच २ चा पडदा ७.९ इंचांचा, म्हणजे रुंदीला साडेसतरा सेंटिमीटर. तो ३० सेंटिमीटरवरून पाहिला तर मधला भाग सरळ समोर असतो, पण दोन्ही कडा सुमारे १६ अंशांच्या कोनात जातात. काळोख काही ३० अंशांवर एकदम पडत नाही, तो हळूहळू दाटत येतो. त्यामुळे कडा मधल्या भागापेक्षा मंद दिसतात. अनेक खेळांत गुण, नकाशा, उरलेले प्राण हे सारे कोपऱ्यांतच लिहिलेले असते! काही पडद्यांवर फिल्मच्या भिंती आणि पडद्याचे बारीक ठिपके यांची रेघांशी रेघ जुळून लाटांसारखी नक्षीही दिसते. बारीक अक्षरे वाचायच्या खेळांना हे जाचक ठरते.

गंमत अशी की, कोनानुसार वेगळे दिसण्याचा हाच नियम निन्टेन्डोने एकदा उलट्या कामासाठी वापरला होता. २०११ साली आलेल्या थ्रीडीएस यंत्रात बारीक पट्ट्यांचा अडसर होता. तो डाव्या डोळ्याला एक आणि उजव्या डोळ्याला दुसरे चित्र दाखवी, त्यामुळे चष्म्याशिवाय चित्राला खोली येई. सहा वर्षे व त्याहून लहान मुलांनी ती खोलीची सोय वापरू नये, अशी सूचना कंपनीनेच दिली होती आणि पालकांना ती कुलूपबंदही करता येत होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फिल्म लावावी का? माझे मत असे की, आधी कोणापासून लपवायचे ते ठरवावे. रोज कॉलेजसाठी तासभर प्रवास करणाऱ्या मुलामुलींची मागणी मला रास्त वाटते. अनोळखी माणसाने आपल्या हातातल्या वस्तूत तोंड घालणे कोणालाच आवडत नाही. मुलींना तर त्याचा अधिक त्रास होतो. एखादा मुलगा खेळात पुन्हा पुन्हा हरत असेल, हळू वाचत असेल, मित्राला निरोप लिहीत असेल. त्याला प्रेक्षक नको असतील तर त्यात वावगे काय? याच यंत्रावर दुकानाच्या खात्याचा पासवर्ड, क्वचित आईवडिलांच्या कार्डाचा क्रमांकही टाकला जातो. पण असे आकडे प्रवासात टाकूच नयेत, घरी टाकावेत, आणि कार्ड यंत्रात साठवून ठेवू नये. तिथे फिल्मचा उपयोग नाही. ती फक्त नजर अडवते.

घरात मात्र फिल्म बहुधा तोट्याचीच आहे. स्विचसारखे यंत्र मुळात मिळून खेळण्यासाठी बनले आहे. पाठीमागचा टेकू उघडून ते टेबलावर उभे करायचे, दोन्ही बाजूंच्या मुठी काढून दोघांनी एकेक घ्यायची. दोन भावंडे खांद्याला खांदा लावून ६० सेंटिमीटरवर बसली, तर त्यांना मंद का होईना, दिसेल. तिसरे आणि चौथे चुलत भावंड कडेला आले, मधल्या रेषेपासून अर्धा मीटर लांब, की कोन ४० अंशांचा झाला. त्यांना काळा पडदा. सणासुदीला घर भरलेले असताना ज्या पोराला कडेची जागा मिळते, त्याचे तोंड कसे होईल ते सांगायला नको. टीव्हीला जोडून खेळले तर अर्थात फिल्मचा प्रश्न येत नाही.

काही मोठी मुले वेगळे कारण देतात. आपला खेळ सतरा वर्षांवरील मुलांसाठी आहे, शेजारी सात वर्षांची बहीण बसते, तिला मारामारी दिसू नये म्हणून फिल्म हवी. हेतू चांगला आहे, पण उपाय कच्चा. लहान मूल मांडीवर डोके टेकवते, पाठीवर चढते, आणि आवाज तर ऐकूच येतो. तसला खेळ ती झोपल्यावर खेळावा हे बरे.

आणि पालकहो, तुमची शंका? फिल्म नाकारली म्हणून मूल सुरक्षित होत नाही, आणि लावू दिली म्हणून हाताबाहेर जात नाही. खांद्यावरून चोरून पाहण्यापेक्षा यंत्रातच दिलेली पालकांची सोय अधिक कामाची आहे. स्विचसाठी निन्टेन्डोने २०१७ पासून पालकांचे मोबाईल अ‍ॅप दिले आहे. मूल कोणता खेळ किती वेळ खेळले ते त्यात दिसते, रोजची मर्यादा घालता येते, वयाप्रमाणे खेळ अडवता येतात. स्विच २ मध्ये बोलण्याची आणि कॅमेऱ्याची सोय आहे. सोळा वर्षांखालील मुलाला ती पालकांनी अ‍ॅपमधून परवानगी दिल्याशिवाय सुरू करता येत नाही, आणि कोणाशी बोलायचे तेही पालकच मंजूर करतात. ही व्यवस्था मुलाला शेजारी बसवून, त्याला दाखवून करावी. तुम्ही काय पाहू शकता आणि काय पाहणार नाही, हे त्याला ठाऊक असले म्हणजे फिल्मची मागणीही मोकळेपणाने बोलता येते. पंधरा वर्षांच्या मुलाने मित्राला काय लिहिले ते ओळ न ओळ वाचण्याचा हट्ट मी तरी धरणार नाही. अनोळखी माणसाशी बोलणे आणि पैशांचा व्यवहार, या दोन बाबतींत मात्र सवलत नको.

घेणारच असाल तर लावण्याविषयी थोडे. पंखा बंद करावा, हात धुवावेत, पडदा मऊ कोरड्या कापडाने पुसावा. फिल्म काचेपेक्षा किंचित लहान असावी. काठावर उजेड मोजणारे छोटे छिद्र असेल तर ते झाकले जाऊ देऊ नये, नाहीतर यंत्र स्वतःच पडदा मंद करील. स्विच टीव्हीच्या खाचेत उभे करायचे असते, म्हणून जाड काचेची फिल्म खाचेला घासत नाही ना ते पाहावे.

काढताना जास्त जपावे. स्विचच्या २०२१ सालच्या ओएलईडी यंत्रावर आणि स्विच २ वर कारखान्यातच एक पातळ थर चिकटवलेला असतो. काच फुटली तर तुकडे उडू नयेत यासाठी तो असतो आणि तो काढू नये असे कंपनी बजावते. जुनी प्रायव्हसी फिल्म काढताना नख कोपऱ्यात घालून हळूच उचलावे. वरची काळपट फिल्म सुटून आली की थांबावे. खाली आणखी एक कड नखाला लागली, तर ती तशीच राहू द्यावी.