वस्तीतील वटवाघळे

दिवेलागणीची वेळ झाली, की तंजावर आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील इतर गावांतून वडा-पिंपळांच्या माथ्यावर हालचाल सुरू होते. दिवसभर उलटी लोंबकळणारी वटवाघळे एकामागून एक पंख उघडतात आणि भातखाचरांवरून, तलावांवरून फळझाडांच्या शोधात निघून जातात. तमिळ भाषेत त्यांस 'वव्वाल' म्हणतात. पसरलेल्या पंखांच्या टोकांमधील अंतर सव्वा मीटरच्या आसपास असते. वाघूळ आंधळे असते ही समजूत पुष्कळांची असते. परंतु हे मोठे वटवाघूळ डोळ्यांनी चांगले पाहते व वासावरून पिकलेले फळ हुडकते. अंधारात ध्वनीच्या प्रतिध्वनीवर वाट काढणारी वाघळे ती निराळी. ती बहुधा कीटकभक्षक असतात.

शेजाऱ्यांची तक्रार असते ती घाणीची व कलकलाटाची, आणि ती खोटी नव्हे. वटवाघूळ फळाचा गर दाबून रस गिळते व चोथा थुंकून टाकते. तोच अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि मोटारींच्या टपांवर पडतो. आखूड नाकाचे लहान फलाहारी वाघूळ तर घराच्या अगदी जवळ येते. तमिळनाडूतील पाळयंकोट्टै येथे 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की ह्या जातीचा नर पडद्यासारख्या लोंबणाऱ्या वेलीचे देठ कित्येक आठवडे कुरतडून आपल्यासाठी तंबूसारखी पोकळी तयार करतो. रस्त्याकडेच्या उंच अशोकावरही असे तंबू सापडतात.

मात्र ज्या चोथ्याचा कंटाळा येतो, त्याच्याबरोबर बियाही पडतात. दक्षिणेत मोहाची एक जात 'इलुप्पै' ह्या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्या बियांचे तेल देवळांतील दिव्यांसाठी वापरले जात असे. तिची फळे पिकली, तरी हिरवटच दिसतात. पक्ष्यांना ती खुणावत नाहीत, वाघळांना मात्र वास लागतो. वाघूळ फळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते, गर खाते आणि मोठी बी खाली टाकते. तमिळनाडूतील संशोधकांनी 2018 साली मोहाच्या बीजप्रसाराचे श्रेय वाघळांनाच दिले. देवळात दिवा लावणाऱ्यास आपल्या तेलाचा हा वाटेकरी बहुधा ठाऊक नसावा! वडाच्या बारीक बिया तर पोटातून तासाभराच्या आत बाहेर पडतात व दूरवर रुजतात.

तंजावरच्या नैर्ऋत्येस मदुरैच्या परिसरात पुलियंकुळम नावाचे खेडे आहे. तेथील वडावर सुमारे 500 वटवाघळे राहत असल्याचे प्राणिशास्त्रज्ञ जी. मारिमुत्तू ह्यांनी 1988 साली लिहिले. झाडात मुनी नावाच्या देवतेचा वास आहे, वाघळांस इजा करणाऱ्यास ती शिक्षा करते, अशी ग्रामस्थांची श्रद्धा. तिने केलेले रक्षण कोणत्याही पाटीने झाले नसते.

अलीकडे मात्र भीतीचे खरे कारण वेगळे आहे, ते निपाह विषाणूचे. 1998-99 मध्ये मलेशियात फळबागांजवळील डुकरांना वाघळांकडून हा रोग झाला, डुकरांपासून माणसांना झाला, आणि 105 माणसे दगावली. 2018 मध्ये केरळातील साथीत 17 जणांचा बळी गेला. बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसाने रोग पसरतो; रात्री वाघळे रसाची धार चाटतात व तेथेच लघवी करतात. महाराष्ट्रही ह्या विषयापासून दूर नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वाघळांत निपाहची प्रतिपिंडे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेस आढळली. तो निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाला.

अशा वेळी झाड तोडावे, फटाके वाजवून थवा हाकलावा, अशी मागणी होते. ती उलट अंगावर येण्याचा संभव आहे. युगांडातील किटाका खाणीत फलाहारी वाघळांचा संहार करण्यात आला. पूर्वी तेथील शेकडा 5.1 वाघळांत मारबुर्ग हा दुसरा एक घातक विषाणू सापडला होता. पुढे नवी वाघळे येऊन वसली, तेव्हा 2012 मध्ये हे प्रमाण शेकडा 13.3 झाले. शिवाय तमिळनाडूत मोठ्या वटवाघळांची पिल्ले बहुधा फेब्रुवारी ते मे ह्या काळात जन्मतात. मादी वर्षातून एकच पिल्लू देते आणि प्रारंभीचे काही आठवडे ते आईस चिकटून असते. फांदी तोडली की दोघांचाही घात होतो.

त्यापेक्षा साध्या गोष्टी उपयोगी पडतात. खाली पडलेले किंवा दात लागलेले फळ माणसाने खाऊ नये, गुरांना वा डुकरांना घालू नये. इतर फळे धुऊन, सोलून खावीत. ताडाचा वा खजुरीचा रस गोळा करताना मडक्याबरोबरच रस झरतो ती जागाही झाकावी. बांगलादेशात त्यासाठी बांबूच्या कामट्यांचे विणलेले आच्छादन बांधतात. विहिरीस झाकण असावे. वाहने व वाळत घातलेले कपडे झाडाखालून हलवावेत. जमिनीवर पडलेले वाघूळ उघड्या हाताने उचलू नये, मुलांना तर मुळीच उचलू देऊ नये, वनखात्यास कळवावे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वाघळांची गणना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांत केली होती. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली, आणि 1 एप्रिल 2023 पासून ही दुरुस्ती अंमलात आली.