वसुलीला निघालेला प्रवासी

१. आधी तिकिटाचं. मुलाकडे लंडनला गेलो होतो. परतताना दुबईपर्यंतचा टप्पा आम्ही नवरा-बायकोनं एमिरेट्सच्या ए-३८० मधल्या फर्स्ट क्लास सूटमध्ये काढला, तोही साठवलेल्या माइल्सवर. माइल्सचं तिकीट फुकट असतं, असं समजू नका. ब्रिटनमधून उडताना तिथलं सरकार प्रवासी कर घेतं आणि इकॉनॉमीच्या वरच्या वर्गांना तो दुपटीच्या घरात पडतो. तरीही खर्च करायचाच असेल, तर येतानाच करावा. पूर्वेकडे येणारं विमान रात्रीचं घेता येतं आणि पलंगाचं मोल रात्रीच कळतं.

२. सूटला दार असतं, पण त्याचं फार कौतुक नको. ए-३८० मध्ये सूटच्या भिंती छतापर्यंत जात नाहीत, त्यामुळे पलीकडच्या गृहस्थांचं घोरणं व्यवस्थित ऐकू येतं. उड्डाण आणि उतरताना दार उघडं ठेवावंच लागतं. जमिनीपासून छतापर्यंत बंद होणारा सूट याच कंपनीनं २०१७ मध्ये बोइंग ७७७ वर आणला, त्यात मधल्या रांगेला कॅमेऱ्यावरून चित्र दाखवणाऱ्या खोट्या खिडक्या आहेत. आपल्याकडच्या जेट एअरवेजनंही २००७ च्या सुमाराला ७७७ वर दाराचे सूट बसवले होते. २०१९ मध्ये कंपनीच जमिनीवर आली.

३. लंडन ते दुबई साधारण सात तास. इथेच खरी पंचाईत आहे. जेवण हवं तेव्हा मागवता येतं, म्हणून माणूस सगळंच मागवतो. मग अंघोळ, मग विमानाच्या मागच्या टोकाला असलेल्या बारमध्ये एक फेरी, मग सिनेमा. झोपायला उरतात अडीच-तीन तास. ज्या गादीसाठी एवढे माइल्स मोजले, तिच्यावर पडल्या पडल्या मन हिशोब करतं की झोपलो तर काय काय हुकेल. पैसे वसूल करायची आपली जित्याची खोड सूटमध्ये दुप्पट जोरानं उफाळते. माझं मत विचाराल तर विमानतळावरच्या लाउंजमध्ये पोटभर जेवून घ्यावं आणि वर गेल्यावर अंथरूण घालायला सांगावं. बायकोनं हेच केलं. मी नाही केलं आणि मला त्याचा पश्चात्तापही नाही, पण दुबईत ताजीतवानी तीच दिसत होती.

४. अंघोळ मात्र सोडू नये. चौदा सूटना मिळून दोन शॉवर. चढल्याबरोबर वेळ ठरवून घ्यावी लागते, न्हाणीघर अर्धा तास आपलं, पाणी पाच मिनिटांचं. पाणी बंद केलं की मोजणीही थांबते. साबण लावताना नळ बंद करणाऱ्याला पाच मिनिटं भरपूर होतात. माझी बहीण लातूरची. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. तिला फोनवर हे शॉवरचं सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, "पाच मिनिटं? दादा, आमचं सगळं घर न्हायलं असतं की रे!"

५. जेवणाबद्दल थोडक्यात. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वरचा. हवा कोरडी, इंजिनांची घरघर सतत. जिभेला मीठ आणि गोड कमी लागतं. म्हणून नाजूक चवीचं काही मागवण्यात अर्थ नाही. खारट कॅव्हिआर वर छान लागतो, तो का ते कळलं. मद्य जपून. पाणी सारखं पीत राहावं.

६. आपल्या मराठी भिडेचं काय करायचं, हे निघण्यापूर्वीच ठरवा. आपल्याकडे पाहुण्यानं दोनदा "नको, राहू दे" म्हणायचं आणि यजमानानं तिसऱ्यांदा आग्रहानं वाढायचं, अशी रीत. वर आग्रह नाही. खजूर आणि अरबी कॉफी घेऊन आलेल्या मुलीला बायको सवयीनं "नो, नो, थँक यू" म्हणाली, ती मुलगी गोड हसून निघून गेली आणि ही पुढची दहा मिनिटं माझ्या खजुरांकडे बघत होती. हवं असेल तर पहिल्या खेपेलाच हो म्हणावं.

७. नवरा-बायकोनं मधले दोन सूट घ्यावेत, मधला पडदा खाली करता येतो. खिडकीच्या मोहानं दोघं दोन टोकांना बसलात, तर गप्पा मारायला दर वेळी उठावं लागतं. रात्री खिडकीतून दिसतं तरी काय? अर्थात चाळीस वर्षांच्या संसारानंतर सात तास वेगळी खोली हवी असेल, तर खिडक्या उत्तम.