पूरनिधीतले उरलेले पैसे



मागच्या बैठकीत विषय निघाला, पूरग्रस्तांसाठी जमवलेले पैसे उरलेत तर मंडपाच्या पत्र्यांना वापरूया का? तीही सेवाच ना! माझाही हात वर होता, खोटं कशाला सांगू. घरी येऊन थोडं वाचलं आणि हात वर केल्याचं वाईट वाटलं.

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकन रेड क्रॉसने ‘लिबर्टी फंड’ काढला. 50 कोटी डॉलरहून जास्त जमले. त्यातला मोठा भाग संस्था पुढच्या संकटांसाठी राखून ठेवणार होती. कुणी खिशात घातले नव्हते, हेतूही वाईट नव्हता. पण लोकांनी दिले होते ते त्या कुटुंबांसाठी! लोक खवळले, अमेरिकन संसदेच्या समितीने जाब विचारला, आणि नोव्हेंबरात संस्थेला जाहीर करावं लागलं की सगळा निधी पीडितांसाठीच वापरू.

दुधाला दिलेल्या पैशात मुलाने गूळ आणला तर आपण विचारतोच ना? गूळ चांगला असला तरी!

म्हणजे हेतू बदलायचा तर आधी देणाऱ्याला विचारायचं. पावतीवर नाव आहे त्यांना फोन करता येईल. नाही म्हणतील त्यांचे पैसे पुराच्याच कामाला. पेटीतल्या गुप्तदानाचं काय? तिथे विचारणार कुणाला, म्हणून ते हलवायचेच नाहीत असं मला वाटतं.

पहिली दोन पावतीपुस्तकं माझ्याकडे आहेत. बाकीची ज्यांच्याकडे असतील त्यांनी गुरुवारी आरतीआधी आणावीत, फोन वाटून घेऊ.